प्रल्हादभाऊची मिशी मी काढली

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, तुम्ही कुठं होते नोकरीला? मी सांगतो, दवाखान्यात, अतिदक्षता विभागात. की लगेच त्याचा आवाज खाली येतो आणि हातातली जिलबी हातातच राहते. मग तो विचारतो, डॉक्टर? मी म्हणतो, नाही. कंपाउंडर? नाही. मग वॉर्डबॉय का? तिथं माझं डोकं सणकतं. बायको टेबलाखालून पाय दाबते, म्हणून आजवर कुठल्या लग्नात भांडण झालं नाही.

दवाखान्याच्या कागदावर आमच्या पदाचं नाव 'पेशंट केअर टेक्निशियन'. एवढं लांब नाव कोण घेतो? सिस्टर लोक आणि पेशंट आम्हाला मामा म्हणत. काम काय, ते एका वाक्यात सांगतो. औषध देणं माझं काम नाही, सुई टोचणं माझं काम नाही. बाकी माणूस सकाळी उठल्यापासून स्वतःचं स्वतः जे जे करतो ते सगळं, तो करू शकत नाही तेव्हा, माझं काम. तोंड धुणं, अंग पुसणं, नखं कापणं, संडास-लघवी. श्वासाच्या मशीनवरचा माणूस दर दोन तासांनी कुशीवर वळवावा लागतो, नाहीतर त्याची पाठ सडते. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखाली एकाचीही पाठ सडली नाही. हे मी पंगतीतही सांगतो, ऐकणाऱ्याला जिलबी गोड लागो न लागो.

आणि दाढी. दाढी ही माझी खासियत. मशीनची नळी तोंडातून थेट श्वासनलिकेत जाते आणि ती जागची हलू नये म्हणून वरच्या ओठावर, गालावर चिकटपट्टी लावून बांधावी लागते. केसांवर पट्टी धरत नाही. घाम आला की सुटते. म्हणून दाढी करायची, मिशी असली तर तीही कापायची. आमच्या विभागात इतर लोक हे काम कसंबसं उरकत. मी तसं कधी केलं नाही. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं, साबण, नवं ब्लेड, आणि हात फिरवला तर काचेवर फिरवल्यासारखा वाटला पाहिजे. एक रिटायर हेडमास्तर मशीनवरून उतरले, आवाज फुटला, तर पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला की तुमचं दुकान कुठं आहे. मी ही गोष्ट शंभर वेळा तरी सांगितली असेल. प्रल्हादभाऊनंतर सांगणं बंद केलं.

प्रल्हादभाऊ तळेगावचा. बाजारात किराण्याचं दुकान, वय चाळीसच्या आसपास, अंगानं भरलेला. म्हाताऱ्या वडलांना डोळे दाखवायला मोटारसायकलवर बसवून वर्ध्याला आला होता. परत जाताना भर दुपारी रस्त्यात रोही आडवी आली. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे रोह्यांचे कळप शेतातून निघतात आणि रस्ता त्यांच्या बापाचा असल्यासारखे पळत सुटतात. मोटारसायकल तिच्यावर आदळली. म्हातारा उडून बाजूच्या कपाशीत पडला, त्याच्या मांडीचं हाड मोडलं. प्रल्हादभाऊच्या बरगड्या मोडून फुप्फुसात रुतल्या आणि टाळूला मोठी चीर पडली. दोघांना एकाच गाडीतून आणलं. म्हातारा खालच्या मजल्यावर हाडाच्या वॉर्डात गेला, पोरगा वर आमच्याकडे, मशीनवर.

त्याच्या मिशीबद्दल सांगितलं पाहिजे. अशी मिशी मी फार पाहिली नव्हती. जाड, काळीभोर, दोन्ही टोकं गालावर वळलेली. ती रक्तानं माखली होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मामा, ट्यूबपुरती मिशी कमी करा आणि जखमेच्या भोवतीचे दोन बोटं केस काढा, टाके घालायचे आहेत. नीट वाचा. मिशी कमी करा म्हणाल्या. दोन बोटं केस म्हणाल्या.

मी काय केलं? मला अर्धवट काम पाहवत नाही. टाळूवर मधोमध चटका पडल्यासारखी जागा आणि बाजूनं केस, हे काय ध्यान दिसतं? मी सगळं डोकं काढलं. अर्धी मिशी काय दिसते? सगळी काढली. ब्लेड दोनदा फिरवलं, साबण पुसला, आणि मॅडमना म्हटलं, बघा. त्यांचं लक्ष मशीनवर होतं. त्या 'हं' म्हणाल्या, आणि मी खूश.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला त्याची बायको आत आली. सुनंदाताई तिचं नाव. अंगात दवाखान्याचा झगा, तोंडाला मास्क. नवऱ्याला पाहून ती दचकून एक पाऊल मागं सरली. मला वाटलं मशीन पाहून घाबरली.

"मिशी काऊन काढली, भाऊ?"

मी म्हटलं, ताई, नळी बसत नाही, मिशी काय, महिन्यात उगवते. ती पुढं काही तरी बोलणार होती. माझ्या हातात दुसऱ्या पेशंटचं भांडं होतं, मी निघून गेलो. ती काय बोलणार होती ते मी तेव्हा ऐकून घेतलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पुढं कळलं की खाली सासऱ्यालाही तिनं मिशीचं काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याचा स्वभाव तिला माहीत होता.

पाच दिवस त्याला झोपेच्या औषधावर ठेवलं. सहाव्या दिवशी औषध कमी केलं, तो जागा झाला. अशा पेशंटचे हात मऊ पट्टीनं पलंगाला बांधावे लागतात, कारण जाग आली की माणूस आधी नळी ओढतो. नळीमुळे बोलता येत नाही. डोळ्यांनी बोलायचं, मान हलवायची, बस. तो डोळ्यांनी सारखं काही विचारत होता. बायको कानाशी वाकून सांगायची, बाबा बरे आहेत, खाली आहेत, पायाला लागलं आहे. तो मान हलवायचा. सकाळी मशीनचा जोर तासभर कमी करून बघत, माणूस स्वतः किती श्वास घेतो ते पाहायला. पहिल्या दिवशी त्यानं चांगली धडपड केली. मॅडम म्हणाल्या, दोन-तीन दिवसांत नळी निघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं अंग पुसायला घेतलं. उजवा हात सोडला. तसा तो हात सरळ तोंडाकडे गेला. मी मनगट धरायला धावलो, पण तो नळीकडे गेलाच नाही. बोटं वरच्या ओठावर फिरली. पट्टीच्या कडेकडेनं, इकडून तिकडे. मग कपाळावरून वर, टाळूवर. मग हात असा पडला, जणू त्याचा नव्हताच. डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी कानात उतरायला लागलं.

मी काय करावं? मी त्याचे डोळे पुसले, ओठ कोरडे पडले असतील म्हणून ग्लिसरीन लावलं. आणि मग मी म्हटलं, काय भाऊ, मस्त झाली ना दाढी, थांबा, दाखवतो. खिशातला छोटा आरसा काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. त्याला त्याचं भादरलेलं डोकं आणि कोरा ओठ दाखवला. वर हसलो. त्यानं बराच वेळ आरशात पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून प्रल्हादभाऊनं श्वास घेणं सोडलं. म्हणजे मशीन देई तेवढा घ्यायचा, जोर कमी केला की नुसता पडून राहायचा. छाती हलायची नाही. मशीन कोकलायचं, सिस्टर धावायची, जोर परत वाढवायचा. मॅडमनी रक्त तपासलं, एक्सरे काढला, मेंदूचा फोटो काढला. सगळं ठीक. बायको कानाशी म्हणायची, बाबा बरे आहेत. तो डोळे उघडायचा नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बाहेर बसवून सांगितलं की हे असंच चाललं तर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालावी लागेल, आणि जितके दिवस मशीनवर तितका छातीत जंतू शिरायचा धोका. त्यांनी साथ दिली पाहिजे, ते साथच देत नाहीत. सुनंदाताई लिफ्टपाशी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला पाणी आणून दिलं, तिनं ते हातात धरलं आणि प्यायली नाही.

चौथ्या दिवशी दिलीप कामावर आला. दिलीप माझ्याच हुद्द्यावरचा, माझा जोडीदार. त्याचे वडील वारले होते, तो तेरवी आटोपून येत होता. डोकं भादरलेलं, मिशी नाही, पांढरी टोपी. आम्ही दोघं प्रल्हादभाऊला कुशीवर वळवायला गेलो. एकानं खांदा धरायचा, एकानं कंबर. दिलीप खांद्यापाशी वाकला, त्याची टोपी घसरून गादीवर पडली, मास्क गळ्याशी आला. प्रल्हादभाऊनं डोळे उघडले आणि तो दिलीपकडे पाहतच राहिला.

वळवायला म्हणून मी त्याचा हात सोडलेला होता. तो हात हळूहळू उठला. एका बोटानं त्यानं दिलीपच्या ओठाला स्पर्श केला. मग स्वतःच्या ओठाला. मग दिलीपच्या डोक्याला, आणि मग स्वतःच्या. मग ते बोट छताकडे. आणि त्यानं दिलीपचा हात धरला. जसा आपण मौतीच्या घरी जाऊन धरतो तसा.

दिलीपला काही कळेना. तो म्हणाला, हो भाऊ, माहे बाबा गेले. प्रल्हादभाऊनं मान हलवली, आणि बोट आपल्या छातीवर ठेवलं.

  मी पलंगाचा कठडा धरला. आमच्याकडे बाप मेल्यावरच मुलगा मिशी काढतो आणि डोकं भादरतो. बाप जिवंत असताना कुणी ओठाला ब्लेड लावत नाही, सलूनवालाही आधी विचारतो. मी देवळीचा, याच मातीतला, माझ्या बापाच्या दशक्रियेला नदीवर बसून मीच मिशी काढून दिली आहे. आणि मला हे सुचलं नाही? या माणसानं शेवटचं काय पाहिलं होतं? बाप कपाशीत निपचित पडलेला. शुद्धीवर आला तर बाप कुठं दिसत नाही. आणि मग ओठावर बोट फिरवलं तर मिशी नाही, डोक्यावर हात फिरवला तर केस नाहीत. त्यानं धरून चाललं की आपण बेशुद्ध असताना बाप गेला, आणि घरच्यांनी झोपल्या जागी आपल्याकडून तो विधी उरकून घेतला. वर मी त्याला आरसा दाखवला होता. हसून.

मी त्याच्या कानाशी वाकलो. "भाऊ, बाबा जित्ते आहेत. मिशी म्या काढली, नळीसाठी काढली. बाबा खाली आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं. आणि त्यात त्याची चूक नव्हती. बाहेरच्यांना सांगत नाही, पण आमचा एक न लिहिलेला नियम आहे. अपघातात घरचे दोघं सापडले आणि एक गेला, तर दुसऱ्याला तो सावरेपर्यंत सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, बरे आहेत, खाली आहेत. मी स्वतः कितीतरी जणांना कानाशी वाकून हेच म्हटलं आहे, याच आवाजात, असाच हात दाबून. ज्यांना खोटं सांगायचं त्यांच्यासाठी राखून ठेवलेले शब्द मी त्याला खरं म्हणून देत होतो.

मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्याच. मग म्हणाल्या, व्हिडिओ कॉल करा. सुनंदाताईनं खालून लावला, म्हाताऱ्याला पोराचा कोरा ओठ दिसू नये म्हणून सिस्टरनं आमच्या बाजूचा कॅमेरा बंद करून मोबाईल त्याच्यासमोर धरला. पडद्यावर म्हातारा, उशीवर डोकं, काही तरी ओरडत होता, पण आमच्या मशीनांच्या आवाजात काही ऐकू येईना. प्रल्हादभाऊनं दोन सेकंद पाहिलं आणि तोंड फिरवलं. ताईच्या मोबाईलमध्ये म्हाताऱ्याचे नातवाबरोबरचे ढीगभर व्हिडिओ होते, हे तो जाणून होता. त्याला वाटलं तिनं त्यातलाच एखादा खालून पाठवला.

मग एकच उपाय राहिला. म्हाताऱ्याचं ऑपरेशन होऊन मांडीत सळई घातली होती, त्याला स्ट्रेचरवरून हलवता येत होतं. हाडाच्या डॉक्टरांनी कुरकुर केली. आमच्या इनचार्ज सिस्टरनं नियम काढला की विभागात स्ट्रेचरवरचा नातेवाईक चालत नाही. मी आयुष्यात त्या बाईंशी वर मान करून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. काय बोललो ते छापण्यासारखं नाही, पण दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या भेटीच्या वेळेला दिलीप आणि मी म्हाताऱ्याला लिफ्टनं वर आणलं. वाटेत त्याला पोराच्या मिशीचं सांगायची हिंमत ना मला झाली ना सुनंदाताईला. म्हातारा लुकडा, सत्तरीच्या पुढचा, पण पांढऱ्या मिशीची टोकं पोरासारखीच वळलेली. स्ट्रेचर पलंगाला खेटून लावलं. म्हाताऱ्यानं कोपरावर रेटा देऊन मान उचलली, पोराचं तोंड पाहिलं, आणि त्याचा चेहरा पालटला.

"मी अजून जित्ता आहो. माह्या जित्तेपणी माह्या पोराची मिशी कोनं काढली?"

 मी पुढं झालो. म्हटलं, बाबाजी, म्या काढली.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. माझं खानदान, माझं गाव, माझा वस्तरा, दवाखाना, दवाखान्याचा बांधणारा, कोणी सुटलं नाही. बाप मेला असं दिसते ना माह्या पोराले पाहून, अक्कल कुठं गहाण ठेवून आला तू, गावात तोंड दाखवू का आता मी. पाच मिनिटं. इनचार्ज सिस्टर तोंडावर बोट ठेवून उभी होती आणि तो तिच्याकडे पाहतही नव्हता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आजवरच्या नोकरीत मला कुणी असं बोललं असतं तर मी कामावरून निघून गेलो असतो.

तेवढ्यात मॅडमनी माझा दंड धरून पलंगाकडे वळवलं. प्रल्हादभाऊ बापाकडे पाहत होता. डोळे फाटलेले. बांधलेल्या हातांची बोटं बापाच्या सदऱ्याकडे ताणलेली. आणि छाती वर-खाली होत होती, जोरजोरात, मशीनच्या तालावर नाही, त्याच्या स्वतःच्या. तो रडत होता. नळी घातलेला माणूस रडतो तेव्हा आवाज येत नाही, पण श्वास तो स्वतःचाच घेतो. मी त्याचा हात सोडला. त्यानं बापाची बाही धरली. म्हातारा एकदम थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे पाह्य, हे मिशी येईपर्यंत मी काही मरत नाई. तू आपला श्वास घेजो."

तीन दिवसांनी नळी निघाली. घसा बसलेला, आवाज फाटका. पाणी मागितलं, ते इतक्यात देता येत नाही म्हटल्यावर मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता माझी पाळी. तो म्हणाला, मामा, बाबाले सांगा, उगवून राह्यली म्हणा. मी मान वळवली आणि बेडपॅन शोधायचं नाटक केलं.

त्यानंतर मी कुणाच्या मिशीला हात लावण्याआधी घरच्यांना विचारत असे, बाप आहे का, आणि पेशंटला जाग आली की पहिल्याच दिवशी सांगत असे की तुमची मिशी मी काढली, नळीसाठी, घरी सगळे आहेत. जिथं सगळे नव्हते तिथं काय सांगायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. खोटं बोलणं मी सोडलं नाही, पण ते शब्द पहिल्यासारखे जिभेवर येईनात. दाढीचं काम मी पुढं दिलीपकडे दिलं. तो कसंबसं उरकतो.

माझ्या रिटायरमेंटला दोन महिने होते. दुपारी जेवणाचा डबा धूत होतो तर दारावरच्या शिपायानं हाक मारली की तुम्हाला भेटायला कुणी आलं आहे. बाहेर गेलो. पांढरी टोपी घातलेला एक अंगानं भरलेला माणूस. मी ओळखलंच नाही. मधल्या काळात तो एकदा तपासणीला आला होता तेव्हा मिशी पुन्हा तशीच काळीभोर, गालावर वळलेली पाहिली होती, आणि माझ्या डोक्यात तो तसाच बसला होता. त्यानं टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं. ओठ कोरा होता.

 एवढी मरणं हातानं आवरली मी, नाकात कापूस घातला, पायाचे अंगठे बांधले, आणि एका माणसाचा ओठ पाहून मला भिंतीशी बाकड्यावर बसावं लागलं.  तो शेजारी बसला.

म्हणाला, झोपेतच गेले. त्रास नाही झाला. मग म्हणाला, आदल्या आठवड्यात मले म्हणत होते, मी गेल्यावर दवाखान्यातल्या त्या माणसाले कळवजो. म्हणा, या खेपेले मिशी बरोबर काढली.

  सवयीनं माझी नजर त्याच्या ओठावर गेली. नदीवरच्या न्हाव्यानं घाई केली होती. डाव्या कोपऱ्यात, नाकपुडीच्या खाली, चार केस राहून गेले होते. ते मी तसेच राहू दिले.